सुजातानं औषध शोधलं नव्हतं

सुजाता गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. मीच ते सगळ्यांना कळवलं. तळेगावच्या हॉस्पिटलात आमचे हे चहा आणायला खाली गेले होते आणि तेवढ्यात, मी तिच्या उशाशी बसलेली असताना, ती गेली. नंतर बाहेरच्या बाकड्यावर बसून मी एकेकाला फोन लावत होते. 'आमची सुजाता गेली' म्हटलं की पलीकडून हमखास, 'अरेरे, म्हणजे त्या शुगरचं औषध शोधलेल्या मॅडम ना?' पहिल्या दोघातिघांना मी 'हो' म्हणून टाकलं. त्या वेळी वाद कोण घालणार? पण पुढच्या एका गृहस्थांनी 'केवढं मोठं औषध दिलं हो त्यांनी जगाला' असं म्हटलं तेव्हा मला राहवलं नाही. 'नाही हो, तिनं कसलंही औषध शोधलेलं नाही,' असं मी जरा जोरातच बोलले. ते म्हणाले, 'ताई, तुम्ही आता दुःखात आहात, आपण नंतर बोलू.' आयुष्यभर सुजाता जे एक वाक्य सांगत आली, ते ती गेल्या गेल्या माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि तिच्यासारखंच माझंही कुणी ऐकून घेत नव्हतं.

सुजाता माझी धाकटी नणंद. लग्न होऊन मी मावळातल्या नवलाख उंबऱ्याला आले तेव्हा ती शाळेत होती. मी नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झालेली, त्यामुळे नवी वहिनी म्हणून तिनं माझं कौतुक केलं नाही, थेट गणिताची वही पुढे केली. आमच्या घरात शिक्षणाला मान होता. सासरे म्हणायचे, बाबासाहेबांनी वाट दाखवली, आता चालायचं काम आपलं. त्यांचा मुलगा मिलिंद, म्हणजे माझे मिस्टर, बारावीनंतर एमआयडीसीतल्या एका कंपनीत, लोखंडी भाग दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला लागले आणि बहिणीला मात्र त्यांनी थांबू दिलं नाही. तळेगावला बीएस्सी, पुण्याला एमएस्सी, मग जीवरसायनशास्त्रात पीएचडी. सणाला तिला घ्यायला हे मोटरसायकलवर स्टेशनला जायचे आणि वाटेत भेटेल त्याला गाडी थांबवून सांगायचे, 'आमची सुजाता. डाक्टर व्हतीया. पन इंजेक्शनवाली न्हाई.' ती मागच्या सीटवर लाजून चूर.

तिच्या संशोधनाचा विषय आमच्या स्वयंपाकघरातच निघाला. पावसाळ्यात बाजरीच्या शेतात, बांधावर कुर्डू माजतं. कोवळा पाला खुडून आणायचा, उकडायचा, पाणी पिळून टाकायचं आणि कांदा-मिरचीवर परतायचा, ही सासूबाईंची भाजी. मी माहेरची शहरातली, मला ती आधी गवतासारखी लागायची. सुजाता मात्र पीएचडीच्या दिवसांत घरी आली की भाजी खायची सोडून भाजीकडे बघत बसायची. मग एकदा गच्चीवरच्या पत्र्याखाली चादरी अंथरून तिनं ढीगभर पाला सावलीत वाळत घातला. सासूबाईंना वाटलं, पोरगी उन्हाळ्याची बेगमी करतेय. 'अगं, ही वाळवून ठिवत न्हाईत,' त्या म्हणाल्या. 'आये, ही माझ्या गाईडला खायला घालायचीय,' सुजाता म्हणाली. सासूबाईंनी त्या गाईडची मनापासून कीव केली.

तो वाळलेला पाला दळून, अल्कोहोलमध्ये भिजवून, आटवून तिनं त्याचा काळपट, चिकट अर्क काढला. आपण जेवतो त्यातल्या पिठाचे आतड्यात तुकडे होतात आणि मग साखर रक्तात जाते; ते तुकडे करणारं जे एंझाइम असतं, त्याला हा अर्क थोडं मंद करतो का, हे तिला बघायचं होतं. आधी परीक्षानळीत झालं, मग उंदरांवर. उंदीर तिला चावत. पट्टी बांधलेलं बोट दाखवून ती मला सांगायची, 'वहिनी, विज्ञानासाठी रक्त सांडतेय.' मला त्यातलं जेवढं कळायचं तेवढं मी शाळेत मुलांना रंगवून सांगायचे. शेवटी मुद्दाम मधुमेह घडवलेल्या उंदरांची साखर त्या अर्कानं थोडी खाली आली. तिचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. आम्हाला त्यातलं फक्त तिचं नाव वाचता आलं आणि तेवढ्यावर आम्ही पेढे वाटले.

मग आली ती बातमी. एका छोट्या स्थानिक पेपरचा वार्ताहर तिच्याकडे गेला. सुजातानं त्याला दहादा सांगितलं की हे उंदरांत दिसलंय, माणसांत तपासायचं आहे, त्याला वर्षं लागतील, कदाचित काहीच निघणार नाही. त्यानं सगळं मान डोलावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मथळा, 'मावळच्या कन्येने शोधले मधुमेहावर औषध!' मथळ्यातून उंदीर पळाले होते. बातमीत ते शेवटच्या ओळीत सापडले, पण तिथपर्यंत कोण वाचतो? सुजातानं खुलासा पाठवला, तो आतल्या पानावर कोपऱ्यात आला. वरचा मथळा मात्र कात्रून, लॅमिनेट होऊन, मावळातल्या कितीतरी भिंतींवर जाऊन बसला. पहिला आमच्या घरात लागला. यांनीच लावला.

यांना तेव्हा मधुमेह निघून काही वर्षं झाली होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू होत्या. मी सकाळच्या शाळेला लवकर निघायचे, त्यामुळे मागे घरात काय चालतं ते मला दिसत नव्हतं. मिक्सरचं भांडं अधूनमधून हिरवं व्हायचं. विचारलं तर 'चटणी केलती' म्हणायचे. मला वाटलं, नवरा स्वयंपाकघरात शिरतोय, आपण कशाला आडवं जावं? प्रत्यक्षात हे रोज सकाळी कुर्डूचा कच्चा पाला वाटून पेलाभर रस पीत होते, आणि गोळ्या बंद केल्या होत्या. मला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही आणि जिच्या भरवशावर हे चाललं होतं त्या बहिणीलाही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पेपरात आलं होतं, आणि पेपरातली बहीण आपली होती.

कंपनीच्या सेफ्टी शूजनी पायाला फोड आला. साखर बराच काळ वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाते, त्यामुळे तो यांना कळलाच नाही. कळला तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली. सुजाता तेव्हा लोणावळ्याच्या कॉलेजात शिकवत होती, तिथल्या लहानशा प्रयोगशाळेत काम करत होती. ती धावत आली. डॉक्टरांनी सगळं विचारून काढलं होतं, ते मीच तिला कॉटजवळ उभं राहून सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. भावाच्या शेजारी बसली आणि घरातल्या बोलीत म्हणाली, 'कवापास्नं पितूयास?'

'तुज्या औषदावर माजा इस्वास हाय,' हे म्हणाले.

'दादा, ते औषद न्हाई. उंदरावरचा प्रयोग हाय त्यो.'

'तू न्हाईच म्हननार. तुला कवा सोताचं कवतिक करता आलंय?'

ती उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे बघून मी तिच्याजवळ गेले नाही. काही वेळा माणसाला एकटं उभं राहू द्यावं लागतं.

यांच्या मनात मात्र तेव्हा वेगळंच चाललं होतं. भेटायला कंपनीतली माणसं आली, गावातली आली, आणि प्रत्येकाला यांनी एकच सांगितलं, 'पायावर जॉब पडला.' प्रेस शॉपमध्ये घडवायच्या लोखंडी तुकड्याला जॉब म्हणतात. तो पायावर पडणं हे तिथं कुणालाही खरं वाटेल असं कारण होतं. मी रात्री कानाशी लागले तर म्हणाले, 'लोक म्हनतील भनीच्या औषदानं भावाचा पाय गेला. माज्या तोंडानं तिचं नाव खराब करू व्हय?' मी म्हटलं, अहो, पण ते खरं आहे. तर कूस बदलून झोपले. आमचे हे फार कमी गोष्टींवर अडून बसतात, पण बसले की बसले.

त्यानंतर सुजातानं कामाची दिशाच बदलली. कुर्डूमधला नेमका कोणता रेणू गुणकारी आहे हे शोधण्यात पुढे नाव होतं, तिचे सहकारी त्याच वाटेनं गेले. ती मागे वळली आणि अगदी साध्या प्रश्नाशी येऊन थांबली. कच्चा पाला आणि उकडून पिळलेला पाला यांत काय फरक पडतो? कच्च्या रसात ऑक्झलेट नावाचा क्षार बराच येतो, तो रोज पेला-पेला पोटात गेला तर मूत्रपिंडाला जड जातो, आणि उकडून पाणी टाकलं की त्यातला पुष्कळसा निघून जातो, हे तिनं पुन्हापुन्हा मोजून दाखवलं. फार मोठा शोध नव्हे. कुठल्याही पेपरनं त्याची बातमी केली नाही. 'आईच्या भाजीला मी सर्टिफिकेट दिलंय, एवढंच,' ती हसून म्हणायची.

आणि सुट्टीच्या दिवशी ती गावोगाव फिरायला लागली. आंबीला, नाणे मावळात, लोहगडवाडीला. अंगणवाडीत नाहीतर विहारात बायका जमवायच्या, स्टोव्ह पेटवून भाजी करून दाखवायची, सगळ्यांना चमचा-चमचा द्यायची आणि सांगायचं, भाजी म्हणून पोटभर खा, औषध म्हणून पिऊ नका, आणि डॉक्टरची गोळी सोडू नका. मी निवृत्त झाल्यावर तिच्यासोबत जायला लागले. स्टोव्ह माझ्याकडे, पाला तिच्याकडे. काय व्हायचं सांगते. बायका भाजी खायच्या, मान हलवायच्या आणि निघताना एकजण हळूच विचारायची, 'मॅडम, ते रसाचं परमान सांगा ना.' सुजाता पुन्हा सुरुवातीपासून सांगायची. मग ती बाई माझ्याकडे वळायची, 'लय साध्या हायत मॅडम. येवढा शोद लावला पन गर्व न्हाई.' तिचा नकार त्यांना विनय वाटायचा. ती जितकं नाही म्हणायची तितका त्यांचा विश्वास पक्का व्हायचा. मला हसू यायचं आणि तिच्याकडे बघितलं की ते जिरायचं.

लोहगडवाडीत तर कमाल होती. गडाच्या पायथ्याला ट्रेकवाल्यांसाठी पिठलं-भाकरी, भजी, लिंबू सरबत विकणाऱ्या टपऱ्या आहेत. तिथल्या एका टपरीवर ते लॅमिनेट केलेलं कात्रण लटकलेलं, सुजाताच्या फोटोसकट, आणि खाली पाटी, 'डॉ. मॅडमचा शुगर ज्यूस'. टपरी एका मावशींची. सुजातानं त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. मावशींनी मन लावून ऐकलं आणि मग तिच्यासमोर ज्यूसचा पेला ठेवला. 'तुमच्याकडनं पैसे न्हाई घ्यायची, बाई. तुमच्यामुळं माजं दुकान चालतंय.' गाडीत बसल्यावर सुजाता इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नंतर थांबेना. 'वहिनी, मी सांगून उपयोग नाही गं,' ती म्हणाली. 'मी सांगितलं की त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो. ज्याचं नुकसान झालं तो बोलला तर ऐकतील. दादा बोलला तर ऐकतील.'

तिनं यांना विचारलं. पहिल्यांदा चेष्टेच्या सुरात, मग गंभीरपणे, मग जवळजवळ विनवणी करून. दिवाळीला जेवायला बसलो असताना, इंद्रायणीच्या पुलावर गाडी पंक्चर झाली असताना, सासूबाई गेल्या त्या दिवसांतसुद्धा. हे दरवेळी तेच म्हणायचे, 'तुला काय पायजे ते माग. तेवढं नगं.' बाकी तिचं सगळं ऐकायचे. इन्सुलिन सुरू झालं, तर रोज सकाळी तिचा फोन आल्यावरच सुई टोचून घ्यायचे, जणू डॉक्टर नाही, तीच दुरून टोचतेय. बहीणभावांत भांडण झालं नाही. पण ती आली की हे उजवा पाय नकळत खुर्चीखाली ओढून घ्यायचे, आणि ते तिच्या नजरेतून कधी सुटायचं नाही. दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम होतं आणि त्या प्रेमातच गोष्ट अडकून पडली होती. मधल्या मधे मी दोघांवर चिडायचे.

या वर्षी तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. ज्या अवयवातून इन्सुलिन येतं तोच. 'बघ, इतकी वर्षं त्याच्या मागे लागले, शेवटी तो माझ्या मागे लागला,' असं ती मला म्हणाली आणि मी तिला दटावलं. ती तळेगावच्या हॉस्पिटलात असल्याचं कळलं तशी गावोगावची माणसं येऊ लागली. कुणी मुळी आणली, कुणी कसला काढा, कुणी डोंगरावरच्या बाबाची पुडी. सुजाता सगळ्यांचं घ्यायची, हात जोडायची, कुणालाही टाकून बोलली नाही. 'मला बरं करायला आलीत गं, वाईट नाही करत,' म्हणायची. एक दिवस नवलाख उंबऱ्याचाच एक तरुण आला. त्याच्या वडिलांची साखर वाढून शुद्ध गेली होती, ते खालच्याच मजल्यावर ॲडमिट होते. 'तात्यांनी गोळ्या सोडल्यात गेल्या वर्षापास्नं,' तो कौतुकाच्या आवाजात सांगत होता. 'तुमचंच औषद चालू हाय त्यांना. तरी असं कसं झालं, मॅडम?'

सुजातानं डोळे मिटून घेतले. तो गेल्यावर तिनं यांना जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

'दादा... आता तरी.'

हे तिचा हात हातात धरून बसले, मग उठून बाहेर गेले. त्यानंतर ती जगली ते थोडेच दिवस, आणि त्या दिवसांत तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं आशा सोडली की भावाला त्रास द्यायचा नव्हता, मला माहीत नाही. मला तेवढं तिला विचारायचं राहून गेलं.

काही आठवड्यांनी गावात विहाराजवळच्या सभागृहात आदरांजलीची सभा झाली. आंबीची, लोहगडवाडीची माणसं आली होती, यांच्या कंपनीतली आली होती. स्टेजवर तिचा हार घातलेला फोटो एका खुर्चीत ठेवला होता, शेजारच्या खुर्चीत भाऊ म्हणून यांना बसवलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, कॉलेजचे प्राध्यापक बोलले, एक पुढारी बोलले. त्या पुढाऱ्यांनी तर जाहीर केलं की मॅडमच्या औषधाचा कारखाना मावळातच उभा राहिला पाहिजे. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसून पदर मुठीत आवळत होते. उठून बोलावं, असं दोनदा मनात आलं. पण मी बोलून काय होणार होतं, तेही मला ठाऊक होतं.

शेवटी आभार मानायला यांना उभं केलं. हे कधी माइकवर बोललेले नाहीत. माइकसमोर गेले, उभे राहिले, आणि परत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, झालं, धीर खचला. तर खाली वाकून उजव्या पायातला बूट काढायला लागले. मग मोजा काढला. स्टेजवर कुजबुज झाली, सरपंच अर्धवट उठले. हे तसेच अनवाणी पुन्हा माइकपाशी गेले.

'हे कंपनीत न्हाई गेलं,' ते म्हणाले. 'म्या खोटं बोललो. पायावर काय बी पडलं नव्हतं. म्या गोळ्या सोडल्या आन कुर्डूचा रस पित बसलो. माज्या भनीनं मला पी म्हनून कवा सांगितलं न्हाई. पेपरात वाचलं आन तिला न इचारता पिलो. तिला कळलं तवा ती म्हनली, दादा, ते औषद न्हाई. तुमाला बी तेच सांगत व्हती ती, एवढी वर्सं. आमाला वाटलं, मोठी मानसं असंच बोलत्यात.' मग खाली आपल्या पायाकडे बघितलं. 'मला म्हनली व्हती, लोकांना खरं सांग. तिचं नाव जाईल म्हनून न्हाई सांगितलं. ती हाय तवर सांगाया पायजे व्हतं. ती आयकाया पायजे व्हती.'

मी रडत होते आणि मला ते लपवायचंही सुचलं नाही. मागच्या बाजूला एक बाई उभ्या राहिल्या. लोहगडवाडीच्या टपरीवाल्या मावशी होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

'मंग भाऊ,' त्या म्हणाल्या, 'ज्यांना साकर हाय त्यांनी करायचं काय?'

हे सवयीनं डावीकडे वळले. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला आजवर कायम सुजाता असायची, आणि हे नुसते अभिमानानं तिच्याकडे बघायचे. तिथं खुर्चीत फोटो होता. मग यांनी पुन्हा माइककडे तोंड केलं.

'गोळी सोडू नगा, मावशी,' ते म्हणाले. 'आमची सुजाता सांगून गेलीया.'